मांडीवरचं शेवाळ

कोल्बाइन आणि आर्नफिन हे सख्खे भाऊ. दोघांची घरं एकाच कुंपणाला लागून, होडीघरही एकच, बापानं बांधलेलं, आणि दोघांमधून विस्तव जात नाही. होडीघराच्या बरोबर मधोमध आर्नफिननं फळ्यांची भिंत घातली. कोल्बाइननं तिची आपल्याकडची बाजू तांबडी रंगवली, आर्नफिननं आपल्याकडची तशीच ठेवली, आणि कुणाची बाजू चांगली टिकलीय हे दोघंही येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असतात. मी तोरुन, या बेटावरची घरोघरी फिरणारी नर्स. जन्मानंही इथलीच. बेट एवढंसं, तेव्हा कुणाच्या पायाला काय झालंय आणि कुणाच्या पोटात काय आहे, दोन्ही मला ठाऊक असावं लागतं.

भांडणाचं कारण शेवाळ. पाण्याच्या टाकीला धरतं ते नव्हे. आमच्या किनाऱ्याबाहेर, खडकांच्या पलीकडे, समुद्राच्या तळाशी शेवाळाचं रान आहे. माणसापेक्षा उंच वाढणारे देठ आणि वर पंजासारखी फाटलेली पानं. आर्नफिन हे शेवाळ काढणाऱ्या बोटीचा कप्तान होता. भलंमोठं लोखंडी दाताळं तळावरून ओढायचं, रान मुळासकट उपटायचं आणि पलीकडच्या कारखान्यात नेऊन रिकामं करायचं. कारखान्यात त्यातून अल्जिनेट काढतात. ते आईस्क्रीममध्ये जातं, टूथपेस्टमध्ये जातं, रंगात जातं, आणि जखमेवर घालायच्या पट्ट्यांतही जातं. कोल्बाइन कॉड धरणारा, गळाच्या दोरांवर जन्म काढलेला. त्याचं म्हणणं असं, की कॉडची पिल्लं त्या रानातच मोठी होतात, रान उपटलं की आमचे दोर रिकामे. ते खोटं नाही. सगळंच्या सगळं खरंही नसेल. दोन शहाणी माणसं यावर कॉफी पिता पिता बोलली असती, पण ही दोघं बोलली ती भर सभेत.

जवळच्या खडकांपाशी शेवाळ काढायला परवानगी द्यावी की नाही यावर ती सभा होती. अख्खं बेट आलं होतं. मी मागच्या टेबलावर वॅफल भाजत होते. आर्नफिन लग्नाकार्याला घालायचा कोट चढवून उभा राहिला आणि म्हणाला, की तुम्ही आम्हाला समुद्र ओरबाडणारे म्हणता, पण मी काढलेलं शेवाळ युरोपभरच्या ऑपरेशनच्या खोल्यांत लोकांचं रक्त थांबवतं, ते कुणी बोलत नाही. चांगलं बोलला तो. टाळ्याही पडल्या असत्या. तेवढ्यात कोल्बाइन उठला.

"तुझ्या शेवाळावाचून त्यांचं रक्त थांबत नाही का? मग वाहू दे."

माझं वॅफल जळलं. परवानगी पुढे मिळाली, पण त्याच आठवड्यात होडीघरात ती फळ्यांची भिंत उभी राहिली. तेव्हापासून आर्नफिन भावाला "शेजारी" म्हणतो आणि कोल्बाइन त्याला काहीच म्हणत नाही. पुढे आर्नफिन निवृत्त झाला. कारखान्यानं त्याला निरोपाची भेट म्हणून काचेच्या चौकटीत बसवलेली एक पट्टी दिली, तिच्या पाकिटासकट. त्यानं ती स्वयंपाकघरात कॉफीच्या भांड्यावरच्या भिंतीला लावली. त्याच्याकडे कुणीही गेलं की बाई, त्या चौकटीचं दर्शन घेतल्याशिवाय कॉफी मिळत नसे. रक्तदाब तपासायला गेले की मलाही दर वेळी ती नव्यानं बघावी लागे.

तर हे असं चाललेलं असताना कोल्बाइनच्या टकलावर एक खपली धरली आणि जाईना. उन्हावाऱ्यात टोपी न घालता जन्म गेला की असं होतं. तपासलं तर कातडीचा कॅन्सर. जिवावरचा नव्हता, पण कापून काढायचा आणि जी जागा उघडी पडेल तिथे मांडीवरची कातडी आणून लावायची, असं ठरलं. साधं काम. पण कोल्बाइनच्या बाबतीत साधं काही नसतं. त्याच्या हृदयात धातूची झडप आहे. खोली शांत असली की ती टिकटिक वाजते, शेजारी बसलेल्याला ऐकू येते. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून त्याला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर. मागे एकदा दाढ काढायची होती, तेव्हा यानं कुणाला न विचारता आपल्या मनानंच गोळी बंद केली. गुठळी धरली आणि मेंदूत गेली. तो अख्खा हिवाळा त्याचा उजवा हात लुळा होता आणि तोंडात भलतेच शब्द यायचे. कप हवा असला की दोर माग, दोर हवा असला की आईचं नाव घे. हळूहळू सावरला. मला एकदा म्हणाला होता, "मरणाला मी भीत नाही पोरी. कपाला दोर म्हणायला भितो." मी अठ्ठावन्नची झाले तरी त्याच्या लेखी पोरच आहे.

ऑपरेशनला त्याच्याबरोबर जायला कुणी नव्हतं, म्हणून सुट्टी टाकून मीच गेले. प्लास्टिक सर्जन डेन्मार्कची होती, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं आम्हाला कळलं नाही, पण मुद्द्याचं कळलं. गोळी बंद करायची नाही, म्हणाली. रक्त अंगभर पातळच राहू दे, जिथे कापायचं तिथल्यापुरतं आपण थांबवू. डोक्याभोवती तिनं औषध टोचलं. ॲड्रेनॅलिन, आतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेणारं औषध ते. कातडी पांढरीफटक पडेपर्यंत ती हात बांधून उभी राहिली, घाई केली नाही, आणि मग कापलं. इतकं कमी रक्त आलं की कोल्बाइन जागा असूनही त्याला विचारावं लागलं, सुरुवात झाली का. मांडीवरून रंधा मारावा तसा कातडीचा पातळ पापुद्रा काढला. तिथेही त्या औषधात भिजवलेलं कापड आधी दाबलं आणि मग पांढरी, लोकरीच्या जाड कापडासारखी दिसणारी पट्टी घातली. तिचे धागे रक्त पितात, पिऊन जेलीसारखे होतात आणि आपल्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, रक्ताला देतात. त्यानं रक्त जागच्या जागी गोठतं आणि पट्टी जखमेला चिकटत नाही. खाली नवी कातडी आली की आपोआप सुटून येते. तोवर हात लावायचा नाही, असं तिनं बजावलं.

ती कशाची करतात हे तिनं सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. मी मूग गिळून गप्प बसले आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

घरी आल्यावर सगळं ठीक होतं. डोक्यावरची कातडी धरत होती. मांडीची पट्टी मी रोज वरूनच बघायचे, हात न लावता. मग रविवारी सकाळी मी अंडं उकडायला टाकलं होतं तेवढ्यात आर्नफिनचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, हवामान सांगावं तसा. म्हणाला, शेजाऱ्याकडे एकदा बघून ये. शेजारी लांब चड्डीवर बादली घेऊन होडीघराच्या दगडांवर उतरला होता. समुद्राचं पाणी पायावर ओतत होता. परत वर जाताना दगडांवर लाल पडत गेलं, आणि स्वयंपाकघराचा पडदा अजून उघडलेला नाही.

मी म्हटलं, तू वीस पावलांवर राहतोस, मी चर्चच्या पलीकडे. तूच का नाही जात?

"मी फोन केला ना," म्हणाला आणि ठेवून दिला.

कोल्बाइन स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला होता. बायकोनं, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, भरतकाम केलेला भांडी पुसायचा रुमाल त्यानं मांडीला गुंडाळला होता आणि त्याखाली पांढरं घमेलं ठेवलं होतं. रुमाल लाल, घमेल्याचा तळ लाल. मी रुमाल सोडवला तर तो चिकटलेला. सोडवताना पुन्हा सुरू झालं. धार नव्हती. हाताच्या पंजाहून मोठी सोललेली जागा आणि घाम फुटावा तसं तिच्यातून सगळीकडून रक्त येत होतं. तरुण माणसाचं असतं तर दाबून धरलं की थांबलं असतं. याचं रक्त आम्हीच पातळ करून ठेवलेलं. ते आपणहून थांबणार नव्हतं.

टेबलावर बशीत ती पट्टी पडली होती, हिरवट तांबूस जेली होऊन. शेजारी दवाखान्यानं बरोबर दिलेल्या जादा पट्ट्यांचं पाकीट आणि पाकिटावर त्याचा चष्मा.

सकाळी पट्टीवर चिकटवलेल्या प्लास्टिकची कड सुटून थोडी जेली बाहेर आली होती. त्यानं ती दोन बोटांत चोळली, हुंगली. जन्मभर गळाच्या दोरांवरून पुसलेली चीज ती, त्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार? खात्रीसाठी चष्मा लावून पाकीट वाचलं. अल्जिनेट. हा शब्द कोल्बाइनला सैतानाच्या नावासारखा पाठ आहे. डोक्यात राख घालून त्यानं सगळी पट्टी ओरबाडून काढली आणि जखम समुद्राच्या पाण्यानं धुतली. आमच्याकडे गळ बोटात घुसला तरी समुद्राचं पाणी आणि बाळाला पुरळ आलं तरी समुद्राचं पाणी. पट्टीबरोबर खाली धरत आलेली कोवळी कातडीही गेली.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बोलता बोलता स्वच्छ कापड घेऊन दाबून धरलं, पाय उशीवर चढवला आणि दुसऱ्या हातानं पाण्यापलीकडच्या डॉक्टरला फोन लावला. तो तरुण होता, पण डोकं जाग्यावर असलेला. म्हणाला, तुझ्या पिशवीत ॲड्रेनॅलिन असेल, त्यात कापड भिजव आणि दाबून धर. जागा पांढरी पडली की लगेच अल्जिनेट घाल, वरून घट्ट बांध आणि बराच वेळ हात ठेव. तेवढ्यानं राहिलं तर उत्तम. नाही राहिलं तर रुग्णवाहिकेची बोट पाठवतो, इथे आणून त्याला रक्त घट्ट करायचं इंजेक्शन द्यावं लागेल. झडपेचं काय, विचारलं. तो म्हणाला, म्हणूनच तिथेच थांबवता आलं तर बघ.

कोल्बाइनला फोनमधलं ऐकू येत होतं. त्यानं उजवा हात उचलून मांडीवरून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. बोटं एकेक करून मिटली, उघडली. इकडे आड तिकडे विहीर, आणि त्या विहिरीत तो एकदा पडून आलेला होता.

ॲड्रेनॅलिनचं कापड दाबलं. जागा पांढरी पडली. रक्त थांबलं. पण ही मेहरबानी थोड्या वेळाची, हे मला माहीत होतं. औषध उतरलं की वाहिन्या पुन्हा सैल पडतात आणि मग येतं ते जास्तच येतं. तेवढ्या वेळात टिकेल असं काहीतरी वर बसवायला हवं. साधं कापड ठेवलं तर ते रक्तात रुतून बसणार आणि बदलताना रुमालासारखं सगळं उपटून आणणार. मी टेबलावरचं पाकीट घ्यायला गेले, तर कोल्बाइननं त्यावर हात ठेवला.

"ते नाही."

"मग काय लावू? बायकोचा रुमाल?"

"काहीही लाव. ते नाही."

मी म्हटलं, काय दगड आहेस का तू. बोट येईल, इंजेक्शन देतील, आणि उद्या माझ्याकडे दोर मागशील कॉफी प्यायला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सभेत तू होतीस," म्हणाला. "वॅफल जाळत होतीस. वाहू दे म्हणालो होतो मी, सगळ्यांसमोर. तेव्हा ते लोकांचं रक्त होतं. आता माझं आलं तर थांबवा म्हणू? मग मी कोण झालो?"

माझा संताप झाला होता आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, कारण त्याच्या बाजूनं तो बरोबर होता. लबाड माणसाची शुश्रूषा करणं सोपं असतं. त्याला आणखी एक लबाडी शिकवता येते. हा माणूस सरळपणानंच मरायला निघाला होता, आणि कापडाच्या कडेला पुन्हा गुलाबी दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. आर्नफिन आत आला. बूट बाहेर काढून, मोज्यांवर. सभेनंतर या स्वयंपाकघरात त्याचं पाऊल पडलं नव्हतं, वहिनीच्या मातीनंतरची कॉफीसुद्धा तो अंगणात उभ्यानं प्यायला होता. तो उंबऱ्यातच थांबला. घमेलं बघितलं, मांडी बघितली, बशीतली जेली बघितली. मग त्याची नजर पाकिटावर गेली. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस याच्या ताटात वाढून ठेवलाय. आता हा एक शब्द बोलेल आणि कोल्बाइन बोटीतही बसणार नाही, इथेच राहील.

आर्नफिननं पाकीट कोल्बाइनच्या हाताखालून ओढून घेतलं आणि हात लांब करून धरलं, कारण चष्मा घरी राहिला होता.

"हे आमचं नव्हे," तो मला म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे वाहून आलेल्याचं आहे. वादळानंतर किनाऱ्यावर देठ येऊन पडतात ना, त्याचं. आयर्लंडकडे लोक गोळा करून भिंतींवर वाळत घालतात. दवाखान्याला तसलंच लागतं, धुऊन निघालेलं. दाताळ्यानं उपटलेल्यात वाळू असते, शिंपले असतात, ते जखमेवर कोण घालेल?"

कोल्बाइननं त्याच्याकडे बघितलं नाही. तोही माझ्याशीच बोलला.

"मग याचं कुठे जायचं, विचार याला."

"आईस्क्रीममध्ये," आर्नफिन म्हणाला. "टूथपेस्टमध्ये. थोडं रंगात."

"सभेत म्हणाला होता, दवाखान्यात जातं."

आर्नफिननं पाकीट टेबलावर ठेवलं. अगदी हळू, कड टेबलाच्या कडेला लावून.

"सभेत माणूस काय वाटेल ते बोलतो," तो म्हणाला.

मला त्याची ती चौकट माहीत होती. काचेतलं पाकीट आणि टेबलावरचं पाकीट, तोच निळा पट्टा, तीच अक्षरं. दाताळं ओढून, पाठ मोडून, लोकांच्या शिव्या खाऊन या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट छातीवर मिरवली होती, आणि ती त्यानं आत्ता माझ्यासमोर आईस्क्रीममध्ये घातली. तोंड उघडलं असतं तर माझ्या आवाजानंच सगळं सांगितलं असतं.

वाहून आलेलं शेवाळ कुणाचंच नसतं आणि सगळ्यांचं असतं. यांचा बाप वसंतात तेच गाडीनं आणून बटाट्याच्या वाफ्यात घालायचा, आणि ही दोघं पोरं गाडी मागून ढकलायची. कोल्बाइन थोडा वेळ खिडकीच्या मिटलेल्या पडद्याकडे बघत राहिला. मग टेबलावरचा हात मागे घेतला.

"लाव," म्हणाला.

मी भिजलेलं कापड उचललं, पट्टी पसरली, दुसरी तिच्यावर आडवी घातली, वर जाड कापूस आणि घट्ट बांधलं. बांधून झाल्यावर सगळीकडून सारखा दाब हवा होता, आणि माझी मनगटं आधीच कुरकुरत होती. मी आर्नफिनला म्हटलं, उभा काय राहिलास, हात दे. तो बाकावर भावाशेजारी बसला आणि त्यानं दोन्ही तळवे मांडीवर ठेवले. मी त्यांच्या बाहेरून रक्त येतं का बघत समोर बसले. शेल्फावरचा रेडिओ मच्छीमारांसाठी वारा सांगत होता. कोल्बाइनची झडप वाजत होती. आर्नफिननं ती याआधी कधी ऐकली नव्हती. पहिल्यांदा त्यानं भिंतीवर घड्याळ शोधलं, मग त्याला कळलं, आणि तो एकदम खाली बघायला लागला.

बऱ्याच वेळानं कोल्बाइन मला म्हणाला, "याचे हात थंड आहेत."

"त्याला गरम हवे असतील तर डेन्मार्कहून मागवू दे," आर्नफिन मला म्हणाला.

कापसाच्या कडेला एक तपकिरी डाग आला आणि तिथेच थांबला. मी पेननं त्याच्याभोवती रेघ ओढली. तासाभरानंही डाग रेघेच्या आतच होता. डॉक्टरला फोन करून सांगितलं, बोट नको. गोळी त्या संध्याकाळीही त्यानं घेतली, माझ्यासमोर.

त्यानंतर काही जादू झाली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा शेजारी झाला. होडीघरातली भिंत होती तिथेच होती. मी रोज जायचे, पट्टीला वरून बघायचे, आणि कोल्बाइन हात मांडीपासून लांब ठेवून बसायचा, पोरांना मिठाईपासून लांब बसवतात तसा. त्या आठवड्यात आर्नफिनचा रक्तदाब तपासायला गेले, तर कॉफीच्या भांड्यावर नुसता खिळा. भिंतीचा कागद सगळीकडे पिवळा पडलेला आणि चौकटीच्या जागी तेवढा चौकोन नवा. मी खिळ्याकडे बघितलं, त्यानं मला बघताना बघितलं, आणि बाहीची गुंडाळी करत म्हणाला की काच तडकली होती. वीस वर्षांत त्याच्या हातून कधी कप फुटलेला मी बघितला नाही.

मांडी भरायला वेळ लागला, पण भरली. शेवटची पट्टी एका सकाळी आपणहून सुटून आली. खाली नवी कातडी, गुलाबी, चकचकीत, जराही ओल नाही. कोल्बाइननं बोट लावून बघितलं. डोक्यावरचंही छान धरलं होतं. मी त्याला म्हटलं, आता टकलाला मांडीचे केस आले तर माझ्याकडे तक्रार करू नको. उरलेल्या पट्ट्या पिशवीत भरायला लागले, तेव्हा त्यानं एक पाकीट मागितलं. कशाला, विचारलं. उत्तर न देता त्यानं विजार चढवली, टोपी घातली (आता घालतो) आणि काठी घेऊन बाहेर पडला. मी मागोमाग गेले. नर्स म्हणून म्हणा, चांभारचौकशी म्हणून म्हणा.

तो होडीघराकडे वळला नाही. कुंपणाचं फाटक उघडून सरळ आर्नफिनच्या मागच्या दाराशी गेला, बूट काढताना काठी माझ्याकडे दिली आणि आत शिरला. आर्नफिन बटाटे सोलत होता. हातातली सुरी तशीच राहिली. कोल्बाइननं स्वयंपाकघरावरून नजर फिरवली आणि ती त्या खिळ्यावर येऊन थांबली. त्या घरात इतकी वर्षं न गेलेल्या माणसानं काय शोधायचं आणि कुठे, हे न विचारता शोधलं. अख्ख्या बेटाला ज्या चौकटीचं दर्शन घ्यावं लागत होतं, ती त्याच्या कानावर आली नसेल असं मला इतके दिवस वाटलंच कसं? त्या रविवारी, लाव म्हणण्याआधी, त्याला सगळं ठाऊक होतं. खोटं बोलणारा कोण आहे आणि त्याला ते खोटं केवढ्याला पडतंय, हेसुद्धा.

त्यानं पाकीट टेबलावर, बटाट्याच्या सालींशेजारी ठेवलं.

"उरलंय," तो म्हणाला. या वेळी माझ्याशी नाही, भावाशी. "तुझं आईस्क्रीम."

आर्नफिननं सुरी खाली ठेवली. हात विजारीला पुसले, पुन्हा पुसले. मग फळीवरून तीन कप काढले आणि पाठ आमच्याकडे करून कॉफी ओतायला लागला, आणि बराच वेळ ओतत राहिला.

"त्या खिळ्यावर ते परत लाव," कोल्बाइन खुर्ची ओढून बसत म्हणाला. "भिंत बोडकी दिसते."